मुरुडच्या खिडकीवरून विद्यापीठाचे पोर्टल

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आली की कॉलेजच्या कार्यालयाच्या खिडकीवर एकच वाक्य ऐकू येते, ‘साइट उघडत नाहीये.’ रायगडमधल्या मुरुडचे वसंतराव नाईक महाविद्यालय घ्या, नाहीतर अंजुमन इस्लाम जंजिरा विज्ञान महाविद्यालय. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि विद्यापीठाचे कलिन्याचे आवार तिथून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वी अडले की कारकून कागदांची पिशवी घेऊन पहाटेची एसटी पकडायचा. आता प्रवेश, नावनोंदणी, अंतर्गत गुण, हॉलतिकीट, निकाल सगळे पडद्यावर होते. प्रश्नपत्रिकासुद्धा परीक्षेच्या दिवशी ऑनलाइन येते आणि कॉलेजातच छापली जाते.

म्हणजे विद्यापीठ सॉफ्टवेअर कसे बनवते, कोणाकडून घेते आणि कधी बदलते, या गोष्टी आता आयटीवाल्यांपुरत्या उरलेल्या नाहीत. मुरुडजवळच्या राजपुरी-आगरदांड्याहून येणाऱ्या मुलाची गुणपत्रिका वेळेवर मिळते की नाही, हे त्यावर ठरते.

‘होस्टेड’ सेवा म्हणजे काय

विद्यापीठाने स्वतःची यंत्रे घ्यायची, थंड खोलीत ठेवायची, माणसे नेमायची आणि सॉफ्टवेअर स्वतः चालवायचे, हा जुना मार्ग. होस्टेड सेवेत सॉफ्टवेअर आणि सर्व्हर दोन्ही पुरवठादार सांभाळतो. विद्यापीठ वर्षाचे किंवा विद्यार्थ्यामागे पैसे मोजते आणि ब्राउझरमधून काम करते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. एमएस-सीआयटीमुळे घरोघरी ठाऊक झालेल्या एमकेसीएलची स्थापना २००१मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने झाली. तिने उभारलेली ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ ही प्रणाली राज्यातल्या अनेक विद्यापीठांनी वापरली. सोळा अंकी कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, मुंबई विद्यापीठाच्या मुलांच्या तोंडी रुळला तो अशाच केंद्रीय नोंदीमुळे. दुसरा पर्याय केंद्र सरकारचा. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या ‘समर्थ’ या प्रणालीत प्रवेशापासून पगार-रजेपर्यंतची वेगवेगळी मोड्यूल आहेत. मुंबई विद्यापीठानेही पदवी प्रवेशाच्या नावनोंदणीसाठी ती वापरली. तिसरा पर्याय खासगी कंपन्यांचा.

कोणताही पर्याय निवडला तरी यंत्राची काळजी दुसऱ्याकडे जाते, निकालाची जबाबदारी मात्र विद्यापीठाकडेच राहते. निविदा निघाली की नेमका याचाच विसर पडतो.

२०१७चा उन्हाळा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम १ मार्च २०१७पासून लागू झाला. परीक्षा संपल्यापासून शक्यतो ३० आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल लावावा, असे त्यात म्हटले आहे. त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचे ठरवले. उत्तरपत्रिका स्कॅन करायची, शिक्षकाने ती पडद्यावर वाचायची आणि तिथेच गुण द्यायचे. कल्पना चांगली होती. बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे फिरवावे लागत नाहीत, कोणाची उत्तरपत्रिका कोणाकडे गेली तेही गुप्त राहते.

पण हे काम बाहेरच्या कंपनीकडे गेले तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या होत्या. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. साधा हिशेब मांडून पाहू. १७ लाख भागिले ४५ म्हणजे रविवार न वगळता रोज जवळपास ३८ हजार उत्तरपत्रिका. एका शिक्षकाने दिवसाला ३० तपासल्या, तर साडेबाराशेच्या वर शिक्षक रोज पडद्यासमोर बसायला हवेत. तेही पहिल्या दिवसापासून, पूर्ण सराव झाल्यासारखे. एका उत्तरपत्रिकेची वीसच पाने धरली तरी ३ कोटी ४० लाख चित्रे तयार होतात. हा हिशेब एखाद्या पाठकोऱ्या कागदावर मांडता आला असता.

पुढचे सर्वांना आठवत असेल. राज्यपाल आणि कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. नागपूरसारख्या दुसऱ्या विद्यापीठांच्या शिक्षकांची मदत घ्यावी लागली. काही उत्तरपत्रिका सापडेनात, काहींची सरमिसळ झाली. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला, तोवर पदव्युत्तर आणि परदेशी प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबल्या नव्हत्या. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. १८५७पासूनच्या या विद्यापीठाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले.

माझ्या मते दोष संगणकावर तपासण्याचा नव्हता. सगळे एकदम करण्याचा होता.

हेच काम अजाईल पद्धतीने

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘अजाईल’ पद्धतीचा छोटासा जाहीरनामा लिहिला. त्याचा गाभा असा: सगळा आराखडा आधी आखून दोन वर्षांनी भलेमोठे सॉफ्टवेअर हातात ठेवण्याऐवजी लहान लहान चालणारे तुकडे द्यावेत, वापरणाऱ्याला दाखवावेत, तो काय म्हणतो ते ऐकून पुढचा तुकडा ठरवावा. स्क्रम ही त्यातली सर्वांत रूढ रीत. कामाचा एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, फार तर महिन्याचा असतो. करायच्या कामांची एकच यादी असते, तिच्यात महत्त्वाचे वर आणि बाकीचे खाली. यादीचा क्रम एकच माणूस ठरवतो, त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. रोज पंधरा मिनिटांची बैठक होते, शक्यतो उभ्याने. (आपल्या सरकारी कार्यालयात तेवढ्यात चहासुद्धा येत नाही, हा भाग वेगळा.)

आता २०१७चे काम या पद्धतीने कसे झाले असते ते पाहू. पहिल्या टप्प्यात एकाच विषयाच्या, समजा, दोन हजार उत्तरपत्रिका घ्यायच्या, त्याही आदल्या वर्षीच्या, निकाल लागून गेलेल्या. त्या स्कॅन करून वीस शिक्षकांपुढे ठेवायच्या. कच्चे दुवे पहिल्या आठवड्यातच दिसले असते. मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधलेली पुरवणी स्कॅन करताना सुटते, तेव्हा तिच्यावरचा बारकोड मूळ उत्तरपत्रिकेशी जुळतो का? फिकट निळ्या शाईतले अक्षर पडद्यावर वाचता येते का? शिक्षकाचा ओटीपी ज्या मोबाइलवर जातो त्याला तपासणी केंद्रात रेंज असते का? दुसऱ्या टप्प्यात हे दुरुस्त करून एक लहान शाखा, तिसऱ्यात दोन शाखा. सर्व शाखांपर्यंत पोचायला दोन वर्षे लागली असती. हिवाळी परीक्षा मधे असल्याने प्रत्येक सहा महिन्यांनी खरी चाचणीही मिळाली असती.

विद्यापीठात ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही

अजाईलचे गुणगान करणाऱ्यांनी विद्यापीठाची परीक्षा पाहिलेली नसते. कंपनी ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ’ म्हणू शकते, परीक्षा विभागाला तशी सोय नाही. शिवाय निविदेत काय काय हवे ते आधीच लिहून द्यावे लागते आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम जाते. विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद यांच्या बैठका दर पंधरा दिवसांनी होत नाहीत. आणि अर्धवट सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांवर आजमावून पाहणे हे अजाईल नव्हे, तो बेजबाबदारपणा आहे.

म्हणून इथे तारीख पक्की ठेवून कामाचा आवाका लवचिक ठेवावा लागतो. पहिल्या सत्रात फक्त फॉर्म आणि हॉलतिकीट नव्या प्रणालीवर न्यायचे, निकाल जुन्यावरच ठेवायचा. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाले तेव्हा सगळे आधीच लिहून देता येत नाही, ही अडचण समोर आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन) अशा जोड्यांमुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांचे विषय वेगळे असतात. जुन्या सॉफ्टवेअरला ‘टीवायबीकॉम’ म्हटले की विषय कळायचे. आता प्रत्येकाची जोडी वेगळी तपासावी लागते. असे नियम एका दमात कोणी अचूक लिहू शकत नाही. ते टप्प्याटप्प्यानेच बसवावे लागतात.

आणि चाचणीचे कॉलेज चर्चगेटचे नसावे. तिथे नेट वेगवान, कर्मचारी जास्त, आणि अडले तर तासाभरात कलिन्याला जाता येते. मुरुड, दोडामार्ग किंवा जव्हारच्या कार्यालयात जे चालते ते चर्चगेटला चालणारच. उलटे खरे नाही.

‘९९.५ टक्के’ या आकड्याचा अर्थ

समजा, पुरवठादाराच्या करारात सेवा ९९.५ टक्के वेळ चालू राहील असे लिहिले आहे. ऐकायला छान वाटते. वर्षाचे तास ८,७६०, त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. हे ४४ तास सुट्टीत गेले तर कोणाला पत्ताही लागणार नाही. फॉर्मच्या शेवटच्या दोन दिवसांत गेले तर गोंधळ उडेल, आणि करार मोडला असेही म्हणता येणार नाही. म्हणून परीक्षेचे आणि फॉर्मचे दिवस करारात वेगळे नोंदवून त्या काळासाठी कडक अट घालावी.

दुसरा मुद्दा निघून जाण्याचा. भाड्याचे घर सोडताना आपले सामान आपल्याला नेता आले पाहिजे. कंपनी बदलली तर दहा वर्षांचे गुण कोणत्या स्वरूपात परत मिळणार, किती दिवसांत, आणि त्याचे वेगळे पैसे लागणार का, हे पहिल्याच दिवशी ठरलेले हवे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी ती गोळा करणारी संस्था उत्तरदायी राहते.

वीज गेली तर

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुरुड-श्रीवर्धन भागात खांब कोसळले, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. कॉलेजातल्या कपाटात ठेवलेल्या संगणकावरची माहिती अशा वेळी पाण्याखाली जाऊ शकते, होस्टेड सेवेतली सुखरूप राहते. तिच्यापर्यंत पोचायला वीज आणि रेंज मात्र लागतेच.

वीज असली तरी यंत्रणा कोलमडू शकते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. नियमित कॉलेजांचे समूह करून काम वाटले गेले होते. दूरशिक्षण संस्थेची, म्हणजे ‘आयडॉल’ची, परीक्षा एकाच यंत्रणेवर होती. ती कोलमडली, पेपर पुढे ढकलावे लागले आणि विद्यापीठाने सायबर हल्ल्याचे कारण दिले. एकाच दोरीवर सगळा भार टाकला की काय होते ते तेव्हा दिसले.

लहान कॉलेजच्या हातात काय आहे

पुष्कळ काही नाही, पण थोडे आहे. पीआरएन, विषय आणि अंतर्गत गुणांची यादी गुण भरल्याच्या दिवशीच उतरवून घ्यावी, छापून प्राचार्यांची सही घ्यावी. ‘साइट उघडत नाही’ असे फोनवर सांगण्याऐवजी तारीख, वेळ आणि पडद्याचे चित्र ईमेलने पाठवावे. मुदतवाढ मागताना तोंडी तक्रार उपयोगी पडत नाही, ही नोंद पडते. कार्यालयात दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी असावी, निदान एक सिमकार्डावरची. आणि विद्यापीठाने नव्या मोड्यूलच्या चाचणीसाठी कॉलेजे मागितली तर प्राचार्यांनी आपले नाव आधी द्यावे. त्या दोन महिन्यांत कारकुनाचे काम वाढेल, पण मुरुडच्या अडचणी यादीच्या वरच्या भागात पोचतील.