सोळा हजार फूट आणि एक मीटर

5 जानेवारी 2024. अमेरिकेतल्या पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737 मॅक्स 9 विमानाला सुमारे 16,000 फुटांवर अचानक भगदाड पडलं आणि त्यातून एक आयफोन बाहेर ओढला गेला. दोन दिवसांनी तो रस्त्याकडेच्या झुडपाखाली सापडला. स्क्रीन शाबूत, निम्मी बॅटरी शिल्लक, एअरप्लेन मोड चालू आणि पडद्यावर सामानासाठी भरलेल्या 70 डॉलरची पावती. चार्जरच्या तुटलेल्या वायरचं टोक तेवढं त्याला अडकलेलं होतं.

एवढी उंची म्हणजे जवळपास तीन कळसूबाई एकावर एक. मग घरात हातातून निसटलेल्या फोनची काच का तडकते?

हवा नसती, तर तो फोन ताशी सुमारे 1,100 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळला असता. पण हवा अडवते. 180 ग्रॅमचा फोन आडवा पडत असेल, तर त्याचा वेग ताशी साठेक किलोमीटरच्या आसपास येऊन थांबतो, पुढे वाढत नाही. पंधराव्या मजल्यावरून टाका नाहीतर विमानातून, फरक जवळपास शून्य! (उभा, कडेवर पडला तर मात्र वेग याच्या दुपटीहून जास्त होतो.) ताशी साठ म्हणजे हवेविना 14 मीटरवरून पडल्यावर येतो तेवढा वेग.

आता खरा हिशेब. किती उंचीवरून पडला याला, थांबायला किती जागा मिळाली याने भागायचं. झुडपाने आणि मातीने 10 सेंटिमीटर जागा दिली असं धरू. 14 मीटर भागिले 10 सेंटिमीटर, म्हणजे फोनवर त्याच्या वजनाच्या 140 पट जोर, साधारण 25 किलो. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी तसूभरही दबत नाही. एक मीटरवरून पडलेला फोन तिथे एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर जोर हजारपट. 180 किलो, आणि तोही बहुतेक वेळा एका कोपऱ्यावर! आकाशातून पडलेल्या फोनपेक्षा सातपट मार आपण घरातच देतो. मऊ कव्हरने दोन मिलिमीटर जास्त जागा दिली, की हेच 180 किलो 60 वर येतात. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूकडून यापेक्षा मोठं काम मला तरी माहीत नाही.

बिचाऱ्या काचेला दोष देऊ नये. ती सुमारे 400 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवलेली असते. तिच्यातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने घुसतात आणि पृष्ठभाग दर चौरस सेंटिमीटरला काही हजार किलोंच्या दाबाखाली आवळला जातो. काच तुटायला आधी हा दाब मोडावा लागतो. पण तो थर असतो मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या-विसाव्या भागाइतका. खिशातल्या किल्ल्यांनी त्याचं सहसा काही बिघडत नाही, पितळ काचेहून मऊ असतं. वाळूचा कण मात्र काचेहून कठीण असतो. त्याने खोल ओरखडा काढला की पुढच्या पडण्यात काच तिथूनच फाटते.

म्हणून फोन कुठे ठेवतो हेही महत्त्वाचं. नोकियाच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 11 शहरांतल्या पाहणीत सुमारे 60 टक्के पुरुष फोन पँटच्या खिशात ठेवत होते आणि जवळपास तितक्याच बायका पर्समध्ये. तेव्हाचे फोन जाड आणि लहान होते, सहज वाकत नव्हते. 2014 मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी ग्राहक-संस्थेने यंत्रावर दाबून पाहिलं, तेव्हा आयफोन 6 सुमारे 32 किलोला वाकला. मागच्या खिशात फोन ठेवून बसणाऱ्या मोठ्या माणसाचं वजन याहून बरंच जास्त असतं.

तेव्हा कडा पडद्याहून थोड्या वर आलेलं कव्हर घ्या, मागच्या खिशातला फोन पुढे आणा आणि समुद्रावरून आल्यावर खिसे उलटे करून झटका.