सातपुड्याच्या पायथ्याचे वादळ
बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव सातपुड्याच्या पायथ्याजवळ असल्याने डोंगरात कोसळणारा पाऊस इथल्या नदीनाल्यांत झपाट्याने उतरतो; जुलै 2023 मधील अतिवृष्टीत या तालुक्याने त्याचा तडाखा अनुभवला. अवकाळी वादळात मात्र खरा धोका विजेचा असतो. प्रकाश क्षणात दिसतो आणि आवाज एक किलोमीटर यायला सुमारे 3 सेकंद घेतो, म्हणून लखलखाट व गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असल्यास वीज 10 किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. वावरातल्या निंबाखालचा आडोसा, सवयीचा असला तरी, सर्वांत घातक होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. घरावरचे टिनपत्रे वादळापूर्वीच आवळून घ्यावेत, कारण सुटलेला पत्रा पात्यासारखा उडतो. पुलावरून पाणी वाहत असताना वाहन घालू नये. दोन फूट वाहते पाणीसुद्धा मोटार उचलून नेते.