गाडीचा हीटर गार वारा देतो तेव्हा

मंडळी, भांडुपचा माणूस गाडीच्या हीटरवर बोलायला बसला म्हणजे तुम्हाला हसू यायचे. भांडुपला थंडी ती कसली? डिसेंबर-जानेवारीत चार पहाटा शाल पांघरली की आमचा हिवाळा संपला. पण आमच्या भांडुपातून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. ती वाट धरून ठाण्यावरून कसारा घाट चढलात, की घामाघूम होऊन निघालेली गाडी चार-पाच तासांत निफाडच्या कडाक्यात जाऊन उभी राहते.

एकदा जानेवारीत असाच मी माझ्या मेहुण्यांबरोबर पहाटे निघालो. मेहुणे तिकडे शाळेत शिक्षक आहेत. इगतपुरीपाशी काच आतून धुरकटली, म्हणून हीटर लावला, तर गार वाऱ्याचा झोत! मेहुणे म्हणाले, "जाऊ द्या हो दाजी, दोन तासांचा प्रश्न. स्वेटर घाला." मीही तेच केले आणि तिथेच चुकलो. घोटीच्या आसपास पाहतो तो उष्णतेचा काटा लाल पट्ट्याला भिडलेला. हीटर आम्हाला आधीच सांगत होता, पण आम्ही ऐकले नाही.

तो काय सांगत होता, ते आता पाहू. गाडीच्या हीटरला वेगळी चूल नसते. इंजिन तापते, त्याच्याभोवती पाणी खेळते, आणि ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते. त्याच गरम पाण्याचा एक फाटा डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरकडे नेलेला असतो. पंखा त्याच्यातून वारा ढकलतो, झाला हीटर! म्हणजे इंजिनची टाकाऊ उष्णता आपण शेकायला घेतो. (विजेवरच्या गाड्यांचे तंत्र निराळे, त्यांचे आज बोलत नाही.) हा छोटा रेडिएटर पुष्कळ गाड्यांत बराच उंचावर असतो. त्यामुळे पाणी कमी झाले की पहिल्यांदा तोच कोरडा पडतो. विहीर आटू लागली की उंचावरच्या वावराचा पाट आधी बंद होतो, तसेच हे.

म्हणून हीटर गार झाला की पहिली नजर उष्णतेच्या काट्यावर टाका. काटा वर चढतो आहे आणि हीटर गार आहे, तर पाणी गळाले असे समजा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. आणि कृपा करून झाकण उघडू नका! रेडिएटर प्रेशर कुकरसारखा बंद असतो. आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. मेहुणे फडके घेऊन निघालेच होते, त्यांचा हात धरून बसवावे लागले. पाऊण तास आम्ही थंडीत कुडकुडत बसलो, पण चेहरे शाबूत राहिले.

याउलट काटा खालीच रेंगाळत असेल, इंजिन तापतच नसेल, तर संशय थर्मोस्टॅटचा. इंजिन पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरणारी ही झडप उघडीच अडकली, की पाणी सारखे निवत राहते. आमच्याकडचे काही मिस्त्री तर "आपल्या गरम मुलखात वॉल कशाला?" म्हणून ती काढूनच टाकतात. ते मला पटत नाही. थंड राहिलेले इंजिन इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते.

काटा मधोमध आहे, पाणीही पुरे आहे, तरी वारा गारच? मग बॉनेट उघडून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना जपून हात लावून पाहा. पंख्यापासून हात लांब ठेवा. दोन्ही गरम असतील तर पाणी बरोबर आहे. गरम-गार वारा मिसळणारी आतली झडप किंवा तिची तार अडकली आहे. एक गरम आणि दुसरी गार असेल, तर छोटा रेडिएटर गाळाने चोंदला आहे. दोन्ही गार असतील, तर पाणी तिथवर पोचतच नाही. कुठे हवा अडकली असेल, हीटरचा कॉक बंद असेल किंवा पंप थकला असेल.

अडकलेली हवा काढायला गाडी गार असताना तोंड चढावर करून उभी करा. झाकण काढून पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि मग इंजिन चालू करा. बुडबुडे येतील तसतशी भर घालत जा. पाणी उसळू लागण्याआधी झाकण लावा.

चोंदण्याचे मूळ बहुधा पाण्यात असते. वाटेतल्या विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वरचेवर भरले, की चहाच्या किटलीला धरतो तसा थर बारीक नळ्यांत धरतो. मुंबईच्या पाण्याचे मोठे शुद्धीकरण केंद्र आमच्या भांडुपलाच आहे, पण त्या पाण्याचा चहा करावा, ते इंजिनात घालू नये. तिथे कूलंट आणि ऊर्ध्वपातित पाणीच हवे. अडचणीत साधे पाणी भरलेत, तर घरी आल्यावर बदला. कूलंट चवीला गोडसर, पण विषारी असते. सांडलेले कुत्र्या-वासरांनी चाटू नये, म्हणून लगेच धुऊन काढा. गाडीत गोडसर वास येऊन काचेवर चिकट धूर धरू लागला, तर हीटरचा रेडिएटरच फुटला आहे, असे समजा.

आमच्या गाडीत दोष निघाला तो एका नळीची पट्टी सैल झाल्याचा. काम पाच मिनिटांचे, पण इंजिन एकदा तापले म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅटही बदलला. जुना मेहुण्यांनी मागून घेतला. पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगून, शेजारी तापमापक धरून, त्यांनी सातवीच्या मुलांना दाखवला. ८० अंश ओलांडून काटा थोडा पुढे गेला आणि झडप हळूच उघडली. पोरांनी तो प्रयोग तीनदा करायला लावला.