टर्की आणि पाळीचं घड्याळ

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर थांबवून ठेवण्यासारखं नाही. नवरा एमआयडीसीत तीन पाळ्यांत कामाला, गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढतो. घरात ठरलंय की राजीनामा द्यायचा आणि महिनाभर त्याला गावी नेऊन ठेवायचं.

ताई, राजीनामा देऊ नका. आणि गावी तर मुळीच नेऊ नका.

शेवटच्या दमानंतर साधारण आठ ते बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. आधी जांभया, मग नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठवड्याभरात उतार. आता पाळी आठ तासांची, वर कंपनीच्या बसचा जाण्यायेण्याचा वेळ. घरून ओढून निघालेला माणूस पाळी संपता संपता गळायला लागतो. सुपरवायझरला तो कामचुकार वाटतो. खिशात पन्नी लपवून तो संडासात जातो, तेव्हा मजा केव्हाच संपलेली असते. उरलेले दोन तास मशीनपुढे उभं राहता यावं, एवढ्यासाठी तो ओढतो.

गर्दच्या जागी डॉक्टर देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नेमकं हे घड्याळ बदलते. मेंदूत गर्दचा रेणू जिथे चिकटतो तिथेच ही जास्त घट्ट चिकटते, पण काम अर्धंच करते. योग्य डोस बसला की दिवसातून एकदा पुरते. सरकारी केंद्रात नर्स गोळ्या कुटून चुरा जिभेखाली ठेवते. पाच-दहा मिनिटं गिळायचं नाही, पाणी नाही, गप्पा नाहीत. विरघळलं की ती तोंड उघडायला लावून बघते, आणि माणूस कामावर जायला मोकळा.

पहिला डोस मात्र टर्की नीट सुरू झाल्यावरच घ्यायचा. अंगात गर्द असताना घेतला तर गोळी त्याला ढकलून जागा बळकावते आणि टर्की एकदम उसळते. म्हणून सुरुवात साप्ताहिक सुट्टीला धरून करावी, पुढे चार-पाच दिवसांची रजा टाकावी. डोस बसेपर्यंत झापड येऊ शकते, तेव्हा प्रेस किंवा फोर्कलिफ्टवर जायचं नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या जोडीला घेतल्या तर श्वास मंदावतो. मनाने डोस ठरवू नका, डॉक्टरांवर सोडा.

कंपनीला काय सांगायचं? 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनातून आलेले मानसिक विकार धरलेले आहेत, आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. ‘वैद्यकीय उपचार चालू आहेत’ एवढं लिहिलेला दाखला डॉक्टरांकडे मागता येतो.

आता गावाबद्दल. महिनाभर कोंडून ठेवल्यावर टर्की जाते, ओढ जात नाही. शरीराची सहनशक्ती मात्र उतरलेली असते. परत आल्यावर तो जुन्याच मात्रेने ओढतो आणि श्वास थांबू शकतो. गोळी म्हणजे दुसरं व्यसनच, असं सांगणारे नातेवाईक भेटतील. त्यांचं ऐकू नका. गोळी घेणारा माणूस पाळीवर जातो, पगार घरी आणतो. मी याला बरं होणंच म्हणतो.

भरती करायची वेळ आलीच, तर पुण्यात 1986पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. त्यासाठीही रजेचा अर्ज करावा. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे, तुम्ही स्वतः जरूर जा.

माझं भांडण आहे ते वेळेशी. केंद्र सकाळी उघडून दुपारी बंद होणार असेल, तर पहिल्या पाळीच्या माणसाने गोळी घ्यायची कधी? 2020 साली कोविडमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला परवानगी मिळाली होती. स्थिरावलेल्या नोकरदार रुग्णाला ही सोय सगळीकडे कायमची मिळाली पाहिजे आणि संध्याकाळीही खिडकी उघडली पाहिजे.

ताई, 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. जवळचं केंद्र विचारा आणि त्याची वेळ आधी विचारून घ्या.