थांबण्याची ऐपत : बुधवार पेठेतील निर्णयांचा मागोवा

जोखीम आणि अनिश्चितता या संकल्पनांमधील जो भेद अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मांडला, तो पुण्याच्या बुधवार पेठेचा इतिहास वाचताना उपयोगी पडतो. ज्या प्रसंगी काय घडू शकेल आणि ते घडण्याची शक्यता किती, हे आधीच मोजता येते तेथे जोखीम असते व तिचा विमाही उतरवता येतो. जेथे शक्यताच मोजता येत नाही, तेथे अनिश्चितता असते. साथ, युद्ध आणि सरकारी धोरणातील अचानक बदल हे दुसऱ्या वर्गातले प्रसंग होत, आणि या पेठेने तिन्ही अनुभवले आहेत. अशा काळातील जो निर्णय पुढे फळाला येतो त्याला मागाहून दूरदृष्टी म्हटले जाते व जो फसतो त्याला अविचार; पण निर्णय घेणाऱ्याला किती दूरचे दिसत होते यापेक्षा त्याला किती काळ थांबणे परवडत होते, यावरच बहुतेक वेळा निकाल ठरला, असे येथील घटनांवरून दिसते.

तुळशीबागेतील राममंदिराचे काम नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये, म्हणजे पानिपतच्या वर्षी, हाती घेतले असे सांगितले जाते. त्यानंतर दोनच वर्षांनी निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, तरीही हे काम टप्प्याटप्प्याने चालत राहून अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्णत्वाला गेले. यात श्रद्धेचा वाटा मोठा होता हे खरे. परंतु खिरे हे पेशव्यांच्या कारभारातील वजनदार अधिकारी होते आणि तीन दशके लांबलेले बांधकाम पोसण्याची साधने त्यांच्या हाताशी होती. तेवढीच श्रद्धा असलेल्या एखाद्या सामान्य दुकानदाराने त्याच वर्षी पाया खणला असता, तर १७६३ नंतर त्याचे काय झाले असते, याचा अंदाज करणे अवघड नाही.

१८९६ च्या अखेरीस पुण्यात आलेल्या प्लेगने मात्र श्रीमंत आणि गरीब अशा सर्वांनाच एकाच वेळी निर्णयाला बसवले. साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी लागू झाला, वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्च ते मे या महिन्यांत सैनिकांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. घरात कोणी आजारी पडले तर कळवावे की लपवावे, हा त्या दिवसांतला सर्वांत कठीण प्रश्न होता. कारण कळवले तर रुग्ण इस्पितळात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत आणि संशयित सामान आगीत जाण्याची भीती होती, आणि लपवले तर उरलेल्या कुटुंबाचा जीव टांगणीला लागत होता. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हा पॉल लुई सिमाँ यांचा निष्कर्ष १८९८ मध्ये पुढे आला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तेव्हा झडती घेणारे सरकार आणि झडती सोसणारा नागरिक हे दोघेही अंधारातच चाचपडत होते. फरक इतकाच की सरकारच्या चुकीची किंमत नागरिक मोजत होता. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांची पार्श्वभूमी हीच होय.

शहर सोडावे की राहावे, हा दुसरा प्रश्न प्रत्यक्षात ऐपतीचा होता. ज्यांचे गावाकडे घर होते किंवा ज्यांना शहराबाहेर झोपड्या बांधणे शक्य होते, ते निघून गेले. ज्याचा माल दुकानात आणि उधारी गिऱ्हाइकांकडे अडकलेली होती, त्याला गाव सोडणे म्हणजे धंदा सोडणेच होते. जाणे शक्य असूनही राहिलेले लोक थोडे होते. टिळकांनी पुण्यातच राहून हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. १८४८ मध्ये याच पेठेतील भिडे वाड्यात जोतीरावांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अशा निर्णयांना लाभहानीचे कोणतेही गणित लागू पडत नाही, आणि ते लावण्याचा खटाटोप करूही नये.

साथीच्या काळातील निर्णयांना मागाहून कथेचे रूप कसे येते, याचेही उदाहरण या पेठेत आहे. दगडूशेठ हलवाई यांनी मुलाच्या प्लेगने झालेल्या मृत्यूनंतर गुरूंच्या सांगण्यावरून गणपतीची स्थापना केली, अशी परंपरागत कथा आहे. पुण्यातील साथीची नोंद १८९६ पासूनची आणि या गणपतीचे पहिले वर्ष मात्र १८९३ मानले जाते, त्यामुळे कथेतील घटनाक्रम जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

अप्पा बळवंत चौकातील पुस्तक व वह्यांच्या व्यापारात अनिश्चिततेचे रूप अगदी वेगळे आहे. हा धंदा हंगामी आहे, म्हणजे वर्षाच्या विक्रीचा मोठा भाग शाळा उघडण्याच्या आसपासच्या काही आठवड्यांत होतो, आणि त्यासाठीचा माल काही महिने आधीच भरावा लागतो. २०२० मध्ये मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत आणि पुढे राज्याने त्या वर्षाचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. त्यातून सावरलेल्या वह्यांच्या व्यापाऱ्यांपुढे २०२३ मध्ये नवा पेच आला, कारण बालभारतीच्या दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडण्याचे शासनाने ठरवले. २०२५ च्या आरंभी तो निर्णय मागे घेण्यात आला. २०२३ मध्ये वह्यांची मागणी घटेल असे मानून माल कमी भरणारा व्यापारी शहाणा होता की भित्रा, हे तेव्हा सांगता आले नसते आणि आजही सांगता येईलच असे नाही. एवढे मात्र खरे की स्वतःच्या भांडवलावर चालणारा दुकानदार एक हंगाम वाया गेला तरी दुसऱ्याची वाट पाहू शकतो, तर व्याजाने पैसा उचलून माल भरणाऱ्याला ती मुभा नसते.

याच पेठेतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत २०२० मध्ये हा फरक टोकाला गेला. त्यांचे उत्पन्न रोजचे होते आणि ते टाळेबंदीबरोबर थांबले; खोलीचे भाडे आणि घेतलेले कर्ज थांबले नाही. पेठेतच राहावे की गावी परतावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न वरवर १८९७ च्या प्रश्नासारखा दिसत असला, तरी आपला व्यवसाय घरी माहीत नसलेल्या स्त्रीला गावी परतण्याचा मार्ग जवळजवळ बंदच होता. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२० रोजी ओळखपत्राचा आग्रह न धरता अशा स्त्रियांना शिधा देण्याचे निर्देश राज्यांना दिले, आणि महाराष्ट्र शासनाने त्यांना दरमहा ५,००० रुपये व शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी २,५०० रुपये देण्याचे ठरवले. ही मदत ऑक्टोबर ते डिसेंबर या तीनच महिन्यांसाठी होती. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावाने निर्बंध पुन्हा लागू झाले, तेव्हा तिची मुदत कधीच संपून गेली होती.