वैमानिकांच्या ४६० चुका

कारखान्यात माल नाकारला गेला की एक फॉर्म भरला जातो. त्यात 'मूळ कारण' या रकान्यात बहुतेक वेळा 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या 'उपाय' या रकान्यात 'पुन्हा ट्रेनिंग दिलं'. ऑडिटर सही करतो, फाइल बंद होते, आणि काही दिवसांनी तीच चूक दुसऱ्या कुणाच्या तरी हातून होते. असे फॉर्म वाचता वाचता मला एका जुन्या अहवालाचा नाद लागला. अमेरिकेतल्या राइट फील्ड या लष्करी विमानतळावरच्या प्रयोगशाळेत पॉल फिट्स आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली तो लिहिला. विषय होता विमान चालवताना वैमानिकांच्या हातून झालेल्या ४६० चुकांचा.

या अहवालाला एक पूर्वपीठिका आहे. १९४३ च्या सुमारास याच प्रयोगशाळेत अल्फॉन्स चापानिस नावाचा पंचविशीतला मानसशास्त्रज्ञ दाखल झाला. त्याच्यापुढे आलेलं कोडं विचित्र होतं. बी-१७ बॉम्बरसारखी विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर धावत असतानाच वैमानिक चाकं वर ओढून घ्यायचे. विमान पोटावर आपटायचं. चौकशीचा निष्कर्ष ठरलेला असे : वैमानिकाची चूक. चापानिसने माणसांची झडती घेण्याऐवजी कॉकपिट पाहिलं. उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायचे असतात. फ्लॅपचं बटण आणि चाकांचं बटण शेजारीशेजारी होती, आणि दिसायला जवळजवळ सारखी. सी-४७ विमानात मात्र हे अपघात होत नव्हते, कारण तिथे ही दोन नियंत्रणं एकमेकांपासून लांब होती आणि चालवायची रीतही वेगळी होती. चापानिसने चाकांच्या नियंत्रणाच्या टोकाला रबरी टायरचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीच्या आकाराचा तुकडा. अंधारातही बोटांना फरक कळू लागला. प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांत या मुठींचे आकार आजही ठरवून दिलेले आहेत.

फिट्स आणि जोन्स यांनी हीच दृष्टी संपूर्ण कॉकपिटला लावली. वैमानिकांना त्यांनी मुलाखतींतून आणि लेखी असा एकच प्रश्न विचारला : एखादं नियंत्रण हाताळताना तुमच्याकडून, किंवा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याकडून, झालेली एक चूक तपशीलवार सांगा. चूक कोणाची हे ठरवायचंच नव्हतं, त्यामुळे उत्तरं भरभरून आली. त्यांची वर्गवारी केल्यावर निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या : हवं होतं एक नियंत्रण, हात गेला दुसऱ्यावर. नियंत्रण नको तितकं किंवा चुकीच्या क्रमाने फिरवणं सुमारे १८ टक्के, विसरणं तितकंच. उलट्या दिशेला ओढणं ६ टक्के. काही ठिकाणी तर हातच पोचत नव्हता.

अहवालातला एक तक्ता मी पुन्हा पुन्हा पाहतो. थ्रॉटल, प्रोपेलर आणि इंधनमिश्रण असे तीन दांडे. बी-२५ मध्ये डावीकडून थ्रॉटल, प्रोपेलर, मिश्रण. सी-४७ मध्ये प्रोपेलर, थ्रॉटल, मिश्रण. सी-८२ मध्ये मिश्रण, थ्रॉटल, प्रोपेलर. एका विमानात अंगवळणी पडलेली सफाई दुसऱ्या विमानात घात करणार, हे त्या तीन ओळींतच लिहिलेलं आहे. (सी-४७ म्हणजे आपली डाकोटा; अहवालाच्याच वर्षी, १९४७ च्या ऑक्टोबरात, आपलं सैन्य श्रीनगरला घेऊन उतरली ती.) अनुभवी असो वा नवखा, जवळजवळ प्रत्येक वैमानिकाकडून अशा चुका होतात आणि नियंत्रणांची रचना माणसाला साजेशी केली तर त्या पुष्कळ कमी होतील, हा अहवालाचा निष्कर्ष.

पुढचा इतिहास उद्योगजगताला माहीत आहे. १९६१ साली जपानच्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये एका स्विचमध्ये स्प्रिंग बसवायच्या राहून जायच्या. अभियंते शिगेओ शिंगो यांनी कामगाराला बजावलं नाही. दोन स्प्रिंगा आधी बशीत काढून ठेवायला लावल्या. काम संपल्यावर बशीत एखादी उरली, तर चूक तिथेच दिसते. ही 'पोका-योके' पद्धत आज चाकण-भोसरीतल्या ऑपरेटरनाही ठाऊक आहे. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी १९८६ च्या पुस्तकात बहुतांश दोष व्यवस्थेच्या पदरात टाकले. त्यांचा अंदाज होता ९४ टक्के. भिंतीवरच्या घोषणा काढून टाका, असंही त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं. आयएसओ ९००१ या गुणवत्ता-मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत, कलम ८.५.१ मध्ये, मानवी चुका टाळण्यासाठी उपाय करा, अशी स्पष्ट अट आली. ऑडिटच्या वेळी पुरावा म्हणून पुढे येतं ते मात्र ट्रेनिंगचं रजिस्टर.

माणसाला साजेशी रचना करण्याच्या याच विचाराच्या, 'डिझाइन थिंकिंग'च्या, कार्यशाळा अलीकडे जोरात आहेत. डिझाइनर टिम ब्राउन यांच्या २००८ मधल्या लेखानंतर ही संज्ञा व्यवस्थापनाच्या जगात सर्वत्र पोचली. आधी वापरणाऱ्याला समजून घ्या, मग छोटे नमुने करून पाहा, ही तिची शिकवण चांगलीच आहे. पण रंगीत चिठ्ठ्या एसी कॉन्फरन्स रूममध्ये चिकटवल्या जातात आणि रात्रपाळीचा कामगार त्या खोलीत कधीच येत नाही. गुणवत्तेचा फॉर्म, चेकलिस्ट, एसओपी यांचाही कुणीतरी वापरकर्ता असतो, हे बहुतेक संस्था विसरतात. ज्या चेकलिस्टवर शिफ्ट संपताना एकदम सगळ्या टिका मारल्या जातात, ती चेकलिस्टच सदोष माल आहे.

माझ्या मते कुठल्याही संस्थेने गुणवत्तेसाठी पहिली सुधारणा कागदावर करावी. 'निष्काळजीपणा' हे कारण म्हणून स्वीकारायचंच नाही, असा नियम करावा. मग त्या रकान्यात काहीतरी खरं लिहावं लागेल : बटणं सारखी होती, उजेड कमी होता, दोन मशिनांची रीत उलटी होती. वाचकहो, तुमच्यापैकी जे असे फॉर्म भरतात किंवा मंजूर करतात, त्यांनी फिट्सचा प्रश्न आपल्या माणसांना एकदा विचारून पाहावा. आणि उत्तर देणाऱ्याला मेमो मिळणार नाही, हे विचारण्याआधीच सांगावं.