मिल्कशेकसाठी मिक्सर की हँड ब्लेंडर?

मंचर-नारायणगावच्या पट्ट्यात दूध मुबलक आणि येणेरे भागातला हापूस उतरला की घरोघरी मँगो मिल्कशेक ठरलेलाच. त्यासाठी वेगळं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न मग निघतोच.

आपल्या मिक्सरची घडण मुळात वाटणासाठी झाली. 1963 साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ आणला तो ओलं खोबरं, डाळ-तांदूळ वाटायला. 500 वॉटची मोटर पातं मिनिटाला हजारो फेरे फिरवते. बर्फ फोडायला हीच ताकद लागते, दुधाला मात्र ती जड जाते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्याच्या कणांभोवती पातळ आवरण असतं. जास्त घुसळलं की ते फाटतं, कण एकमेकांना चिकटतात आणि ग्लासात लोण्याचे पांढरट ठिपके तरंगू लागतात. साय न काढलेल्या दुधात हे हमखास होतं.

फेसाचं गणित वेगळं. तो दुधातली प्रथिनं धरून ठेवतात आणि दूध फ्रीजमधलं गार असेल तर तो टिकतो. कोमट दुधाचा फेस लगेच बसतो.

म्हणून मिक्सरच्या मोठ्या भांड्यात आधी फक्त आंब्याच्या फोडी आणि साखर फिरवा. गार दूध शेवटी घालून दहा-पंधरा सेकंदच फिरवा. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. घरात चांगला मिक्सर असेल तर दुसरं काही घेऊ नका. नसेल, आणि बर्फ फोडायचा नसेल, तर हँड ब्लेंडर पुरेसा आहे.